सोहिरोबांच्या मुलांना जेवू कोण घालत होतं?

प्रिय बाय,

शनिवारी भजन आटोपल्यावर तू विचारलंस, "तुमचे सोहिरोबानाथ नोकरी टाकून देव देव करत बसले, मग त्यांच्या मुलांना जेवू कोण घालत होतं? आणि तेच मला सांगणार, काळ घालवू नको?" मला ते लागलं. आमच्याकडे असं कुणी विचारत नसे.

आधी तुझ्या प्रश्नापुरतं. सोहिरोबा हे आपल्याकडचे संतकवी, १७१४ चे, आडनाव आंबिये, बांद्याचे कुलकर्णी. बांदा म्हणजे गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की लागतं ते. तेव्हा मध्ये नाका नव्हता. गोव्यातलं आपलं पेडणंही सावंतवाडीकरांचंच, पोर्तुगीजांकडे गेलं ते १७८८ साली. कुलकर्णीपण ही पगारी नोकरी नव्हे. गावच्या जमिनी, सारा, देणीघेणी लिहून ठेवायची, आणि हिशेबात खोट आली की वाडीच्या दरबारातून बोलावणं. पण वतन घराण्याचं असे. एकाने दप्तर खाली ठेवलं म्हणून चूल विझत नसे. सांगतात की पस्तिशीच्या सुमारास ते असेच वाडीला निघाले होते. वाटेत इन्सुलीला फणस फोडून बसले, तिथे नाथपंथातल्या गहिनीनाथांनी येऊन खायला मागितलं. गरे दिले आणि उपदेश घेतला. दप्तर सुटलं ते तेव्हा. घर मात्र सुटलं नाही. पदं, ग्रंथ रचले ते संसारात राहून. उत्तरेला गेले ते उतारवयात, आणि १७९२ मध्ये उज्जैनहून दिसेनासे झाले. तरी त्यांच्या बायकोला काय वाटलं असेल, हे माझ्याही मनात येतं. तिथे मी त्यांची वकिली करणार नाही.

आम्हा मुलांपर्यंत ते पोचले ते पोथीतून नाही, आजोळच्या भजनातून. आणि भजन सुरू व्हायचं कणकेपासून. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची, ती भिजवणं हे मुलांचं काम. चपातीपेक्षा किंचित सैल, मीठ-तेल काही नाही, पुरीएवढा गोळा. कातड्याला ओलं बोट फिरवून मधोमध थापायचा, कडा पातळ करायच्या. घट्ट राहिली तर दुसऱ्या अभंगाला सुटून पडते, पातळ झाली तर ओघळते आणि नाद बसका येतो. कमी पडली तर आवाज पोकळ. मग थोरले मामा नुसते आमच्याकडे बघत, पुरेसं होई. भजन संपलं की लगेच खरवडून काढायची. रात्रभर राहिली तर वाळून कातडं ओढते, आणि उंदीर लागतात ते वेगळंच.

अभिषेकीबुवांच्या गाण्यामुळे सोहिरोबांचं 'हरिभजनावीण काळ घालवू नको रे' आता सगळीकडे पोचलं. पण लोक पहिली ओळ धरून बसतात, तूही तेच केलंस. पुढे ऐक: 'अनुभवावीण मान हालवू नको रे'. स्वतःला पटल्याशिवाय होकार भरू नकोस, असं तेच बजावतात. महादजी शिंद्यांसमोर उभे राहिले तेव्हाही, म्हणे, त्यांनी होकार भरला नाही. महादजींनी आपल्या कविता दाखवल्या आणि ह्यांनी तोंडावर सांगितलं, ह्यात देव नाही. वर 'अवधूत नहीं गरज तेरी' म्हणून निघून गेले. पेडण्यात ही गोष्ट फार आवडीने सांगतात, कारण शिंद्यांचे बक्षी, म्हणजे लष्करातले मोठे अधिकारी, जिवबादादाही केरीचे, म्हणजे आपल्याच तालुक्यातले.

इथे आपण ऑनलाइन, पडद्यावर भजन करतो. आवाज मागेपुढे होतो, पखवाजाच्या जागी तबला, ठेका धरायला कुणी उरत नाही. तुला ते कंटाळवाणं वाटतं, आणि त्यात तुझी चूक नाही. येत्या शनिवारी नको असेल तर बसू नकोस. बसलीस, तर टाळ तुझ्याकडे घे आणि फक्त समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, वाजव. बाबा लय वाढवत नेतात, त्यांच्या मागे धावू नकोस. आणि जेवणाचा प्रश्न त्यांनाही विचार, माझ्यापेक्षा वेगळं काही सांगतील.

तुझी,
आई