पाव बसतोय, हात नव्हे

प्रिय ताई,

बदलीमुळे चार महिन्यांपूर्वी तुम्ही थंड गावातून उष्ण शहरात आलात. तिकडे हातोहात जाणारा तुमचा सावरडो, म्हणजे नैसर्गिक आंबवणाने फुगवलेला पाव, इथे चपटा आणि आंबट होतोय, आठवड्याला जेमतेम चार ऑर्डरी येतात, आणि शेजारणी म्हणतात, केक-कुकीजही सुरू करा. 'माझ्या हाताची चवच गेली का?' असं विचारलंत.

मुळीच नाही. कृती थंड हवेची आहे आणि तुम्ही इथेही तेच तास मोजताय. ३० अंशांत पीठ कितीतरी लवकर आंबतं. वेळ टळली की पिठाला धरून ठेवणारी ग्लुटेनची जाळी सैल होते, उंडा ओघळतो.

म्हणून मळल्यावर पीठ २५ अंशांवर आणा. खोली, पीठ, स्टार्टर (म्हणजे आंबवण) आणि पाणी या चारांचा हिशेब: २५ गुणिले ४ म्हणजे १००. त्यातून खोलीचे ३०, पिठाचे ३० आणि स्टार्टरचे २८ वजा केले की उरतं १२. म्हणजे १२ अंशांचं गार पाणी घ्या. एक किलो पिठाला २०० ग्रॅमऐवजी १०० ग्रॅम स्टार्टर पुरे. त्याला खाऊ घालताना १० ग्रॅम जुना, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी. समान भाग घातलेत तर तो काही तासांत फुगून पुन्हा खाली बसतो. पिठाचा ब्रँड बदललाय ना? मग पाणी ६५० मिलीपासून सुरू करा, पेललं तरच वाढवा.

घड्याळ बाजूला ठेवा. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा सरळ उभ्या बरणीत दाबून बसवा, पातळीवर रबरबँड लावा आणि बरणी पिठाशेजारीच ठेवा. बरणीतला गोळा दीडपट झाला की सगळ्या पिठाला आकार देऊन उंडे थेट फ्रिजमध्ये. दुप्पट होण्याची वाट बघू नका, कारण फ्रिजमध्येही आतून गार होईपर्यंत उंडा फुगतच राहतो.

विक्रीचं म्हणाल, तर आठवड्यातला एकच दिवस ठरवा, दोन दिवस आधी ऑर्डर बंद, पैसे आगाऊ. किंमत लावताना स्वतःची मजुरी धरा: १२ पावांना हाताचं काम पाच तास, म्हणजे पावामागे २५ मिनिटं. पत्रातल्या हिशेबात ती कुठेच दिसली नाही, याचं फार वाईट वाटलं. परवाना बहुतेक ठिकाणी पत्त्याशी बांधलेला असतो, तेही आधी तपासा.

केक आत्ता नको. त्याला वेगळा माल, वेगळे साचे, आणि पावाची गाडी अजून रुळावर यायची आहे. चार आठवडे बाराच्या बारा पाव एकसारखे निघाले की मग विचार करू. पुढच्या पत्रात मळल्यावरचं तापमान आणि बरणीला लागलेले तास नक्की लिहा.