डेव्हिड बोवी स्टेजवर बायकी कपडे आणि मेकअप का करायचा? ती त्याची खरी ओळख होती की नुसती प्रसिद्धीची युक्ती?

मी संगीतातला माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. नोकरी वेगळीच आहे, पण गेली वीसेक वर्षं पुण्यात हौशी नाटकांची आणि एकांकिकांची रंगभूषा करतो. बोवी हा इंग्लंडचा रॉक गायक, पण त्याची आणि माझी ओळख गाण्यातून झाली नाही, एका फोटोतून झाली. भुवया साफ काढलेल्या, चेहरा पांढराफटक, कपाळावर सोनेरी गोल. गाणं कोणतं, बँड कोणता, काही माहीत नव्हतं. मनात एवढंच आलं की हा बेस कुणी लावलाय?

तर माझं उत्तर रंगपेटीच्या बाजूने येणार. ते असं की ओळखही होती आणि युक्तीही. त्यातलं एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे त्याला स्वतःलाही बरीच वर्षं उमगलं नसावं.

युक्तीचा भाग लपवण्यासारखा नाहीच. १९६४ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, हा पोरगा बीबीसीवर आला होता तो लांब केस ठेवणाऱ्या पुरुषांचा छळ थांबवा म्हणणाऱ्या एका संस्थेचा म्होरक्या म्हणून! संस्था कसली, टीव्हीवर तोंड दिसलं हे खरं. तेव्हा तो डेव्हिड जोन्स होता. पुढे मंकीज बँडमधल्या डेव्ही जोन्सशी घोळ नको म्हणून आडनाव बदललं. एकामागून एक बँड धरले नि सोडले. पहिला अल्बम आला १ जून १९६७ ला, आणि इंग्लंडमध्ये त्याच दिवशी बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला म्हणतात. नशीब बघा. १९६९ मध्ये ‘स्पेस ऑडिटी’ हे गाणं चाललं, मग पुन्हा सामसूम. म्हणजे १९७२ चा झिगी स्टारडस्ट, हे बोवीचं स्टेजवरचं गाजलेलं सोंग, दिसतो त्याच्यामागे जवळजवळ दहा वर्षं झिजवलेल्या चपला आहेत.

त्या चपला झिजवताना तो लिंडसे केम्प नावाच्या मूकाभिनेत्याकडे शिकायला गेला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. मान कशी वळवायची, हात हवेत कुठे थांबवायचा, स्तब्ध उभं राहून लोकांना आपल्याकडे कसं बघायला लावायचं, हे तो तिथे शिकला. नंतर ग्लॅम रॉकची, म्हणजे भडक कपडे नि मेकअप करून गाण्याची, लाट आली तेव्हा चमकी फासणारे शेकड्यांनी झाले. त्यातले बरेचसे लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्यांसारखे दिसायचे, कारण रंग चढला होता पण अंग तयार नव्हतं.

आता ‘बायकी’ या शब्दाबद्दल. ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’च्या १९७१ च्या ब्रिटिश मुखपृष्ठावर तो लांब झगा घालून पहुडलाय. तो झगा मायकेल फिश या लंडनच्या शिंप्याने पुरुषांसाठीच बेतला होता. बायकोच्या कपाटातून काढलेला नव्हता. आपल्याकडे असा विषय निघाला की कुणीतरी लगेच बालगंधर्वांचं नाव काढतं. मला ती तुलना जुळत नाही. गंधर्व स्टेजवर आले की समोर बाईच उभी आहे असं वाटावं, यात त्यांची कमाल होती. बोवीला बाई दिसायचंच नव्हतं, आणि पुरुषही दिसायचं नव्हतं. झिगी हा परग्रहाशी संबंध असलेला रॉकस्टार, त्याला आपल्या चौकटी लागू कशाला होतील?

झिगीच्या पात्राला आणखी एक कारण होतं आणि ते मला जास्त खरं वाटतं. बोवीचा सावत्र भाऊ टेरी, ज्याने त्याला जॅझ ऐकायला आणि चांगली पुस्तकं वाचायला लावली, तो स्किझोफ्रेनियाने आजारी होता. केन हिल नावाच्या मनोरुग्णालयात त्याची बरीच वर्षं गेली. आईच्या माहेरीही असे आजार होते. आपलंही डोकं एक दिवस फिरेल, ही भीती बोवीच्या मनात होती आणि तो त्याबद्दल बोललाही आहे. त्यात व्हिन्स टेलर हा जुना रॉक गायक त्याला भेटला. स्वतःला देवाचा अवतार समजू लागलेला हा माणूस लंडनच्या फुटपाथवर नकाशा पसरून उडत्या तबकड्यांचे अड्डे दाखवायचा, अशी आठवण बोवीने सांगितली आहे. झिगी बराचसा या टेलरवरून आला. ज्याची भीती वाटते त्याचंच सोंग घ्यायचं, आणि सोंगाला वेड लागलं की बाजूला व्हायचं. बेत तर चांगला होता.

सोंगाची तयारी मात्र अगदी घरगुती. ते प्रसिद्ध लाल, ताठ उभे केस सुझी फसीने कापले. ही बोवीच्या आईचे केस सेट करणारी, बेकनहॅमच्या पार्लरमधली मुलगी. केस उभे राहावेत म्हणून तिने वापरलं ते कोंड्यावरचं लोशन! पहिले कपडे शिवले त्याच्या मित्राने, फ्रेडी बरेटीने. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्याकडेही ऐन वेळी दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम संपला की काय काय चालतं ते इथे लिहीत नाही.

६ जुलै १९७२ ला बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या कार्यक्रमात त्याचं ‘स्टारमॅन’ हे गाणं दाखवलं गेलं. रंगीबेरंगी घट्ट जंपसूट, निळी गिटार, नखांना पांढरं पॉलिश. गाता गाता त्याने गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला. एका ओळीवर थेट कॅमेऱ्यात बघून बोट फिरवलं, जणू घरात बसलेल्या एकेकाला म्हणतोय की तू, हो तूच. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध गुन्ह्यातून वगळले त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. गॅरी केम्प, इयन मॅकलॉक यांच्यासारख्या पुढच्या पिढीतल्या गायक-वादकांनी त्या संध्याकाळचा पगडा सांगितलाय. त्याआधी जानेवारीत ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या मुलाखतीत त्याने आपण गे आहोत असं सांगून टाकलं होतं. घरी बायको अँजी आणि आठेक महिन्यांचा मुलगा होता.

यावर लोक म्हणतात, बघा, खोटारडा. १९७६ मध्ये त्याने स्वतःला बायसेक्शुअल, म्हणजे बाई-पुरुष दोघांकडे ओढ असलेला, म्हटलं, १९८३ मध्ये ते म्हणणंच चूक होती असं सांगितलं. ज्या पोरांनी त्याच्याकडे बघून घरी तोंड उघडलं होतं, त्यांना ते फार लागलं. तो राग मला पटतो. पण १९७२ पेक्षा १९८३ चं विधान मला जास्त हिशेबी वाटतं. तेव्हा त्याचा ‘लेट्स डान्स’ हा अल्बम अमेरिकेत धो धो विकला जात होता, गमावण्यासारखं बरंच होतं.

१९७३ च्या जपान दौऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. कान्साय यामामोतो या डिझायनरने त्याला कपडे करून दिले. त्यातल्या पांढऱ्या झग्यावर अशी जपानी अक्षरं होती की ती वाचली तर उच्चार साधारण ‘डेव्हिड बोवी’ असा व्हावा. काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारात एक युक्ती असते, हिकिनुकी. वरचं किमोनो कच्च्या धावदोऱ्यावर उभं असतं. ऐन क्षणी मागचा मदतनीस दोरा ओढतो, वरचा पेहराव गळतो आणि आत दुसराच निघतो. बोवीच्या कपड्यांत दोऱ्याच्या जागी टिचबटणं आली. दोन्ही बाजूंनी दोघे येऊन हिसका देत, फटाफट बटणं सुटत आणि आतून नवा माणूस बाहेर. स्त्रीभूमिका करणाऱ्या तामासाबुरो बांदो या काबुकी नटाकडून त्याने चेहरा रंगवण्याचे धडेही घेतले.

मध्येच एक माझी आठवण. एका एकांकिकेत एका मुलाला तमाशातल्या नाच्याचं काम होतं. प्रयोग संपल्यावर मी खोबरेल तेल नि कापूस घेऊन बसलो, सगळ्यांचे चेहरे उतरवले. हा म्हणाला, सर, काजळ राहू द्या, बसने जाईन तसाच. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. ‘खरं की युक्ती’ असा प्रश्न समोर आला की मला तो स्वारगेटच्या बसस्टॉपवर उभा दिसतो.

बोवीचं उतरवणं सोपं गेलं नाही. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्याने स्टेजवरूनच हा शेवटचा प्रयोग म्हणून जाहीर केलं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बेसवादक आणि ड्रमरलाही तोवर पत्ता नव्हता, हे मात्र वाईट केलं. झिगी गेला, पण लगेच दुसरी सोंगं आली. लॉस एंजेलिसमध्ये कोकेनने तो हाडांचा सापळा झाला. ‘थिन व्हाइट ड्यूक’ या पात्राच्या काळात फॅसिझमबद्दल जे बरळला त्याची नंतर त्याला लाज वाटली. शेवटी १९७६ मध्ये बर्लिन. शोनेबर्ग भागात हाउप्टस्ट्रासवर १५५ नंबरच्या घरात साधा फ्लॅट, चौकड्याचा शर्ट, मिशी, सायकल. कुणी ओळखत नाही याचंच त्याला सुख वाटायचं. ‘लो’ आणि ‘हीरोज’ हे अल्बम याच दिवसांतले, त्यात कुठलंही पात्र नाही.

तुम्हाला बघायचंच असेल तर त्या हॅमरस्मिथच्या प्रयोगाचा पेनिबेकर या दिग्दर्शकाने केलेला चित्रपट बघा. शेवटचं भाषण सगळेच बघतात. तुम्ही सुरुवातीची ग्रीनरूम बघा, आरशासमोर बसून तो चेहऱ्यावर रंग चढवून घेतो ती.