काम माझं, डेमो त्याचा!

प्रश्न: मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत चार वर्षं टेस्टर आहे. काम चोख असतं, पण बैठकीत माझं तोंड उघडत नाही. माझ्या कामाचा डेमो सहकारी देतो आणि नाव त्याचं होतं. वर्षभराच्या कामाला यंदाही मधलंच रेटिंग मिळालं. मॅनेजर म्हणतात, 'व्हिजिबिलिटी वाढव.' बाबा म्हणतात, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात. व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू का?

उत्तर: नको. निदान रेटिंगसाठी तरी नको.

रेटिंग ठरतं कसं ते आधी बघा. बहुतेक मोठ्या कंपन्यांत तुम्ही सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरता, मॅनेजर रेटिंग सुचवतात आणि मग ते कॅलिब्रेशनच्या बैठकीत जातं. तिथे वेगवेगळ्या टीमचे मॅनेजर आपापली माणसं पुढे करतात. वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या, त्यामुळे घासाघीस होते. त्या खोलीत तुम्ही नसता आणि तुमचा तो बोलका सहकारीही नसतो. मॅनेजरना ऐनवेळी तुमच्याबद्दल काय आठवतं, यावर बरंच अवलंबून असतं. 'मुलगी चांगली आहे, काम करते' एवढंच आठवलं, तर मधलं रेटिंग ठरलेलं.

तेव्हा त्यांच्या हातात लेखी काहीतरी द्या. दर शुक्रवारी पाच ओळींचा मेल. 'रिग्रेशन पूर्ण, ४२ बग नोंदवले' असं लिहायची टेस्टर मंडळींना खोड असते. त्यातून कोणाला काही कळत नाही. त्याऐवजी लिहा: 'एकाच ऑर्डरचा रिफंड दोनदा जात होता. टेस्टिंगमध्ये सापडलं, रिलीजआधी दुरुस्त झालं.' हे मॅनेजर त्या बैठकीत जसंच्या तसं वाचू शकतात. फॉर्म भरतानाही हेच मेल उघडायचे. मार्चमध्ये गेल्या मे महिन्यातलं काम कोणालाच आठवत नाही, तुम्हालाही नाही.

लेखी मांडणी दुय्यम समजू नका. ॲमेझॉनमध्ये संस्थापक जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. तिथे सगळे आधी गुपचूप बसून सहा पानांपर्यंतचं टिपण वाचतात, मग चर्चा.

डेमोचं मात्र मेलनं भागणार नाही. तिथे बोलावंच लागेल, पण आदल्या दिवशी सहकाऱ्याला मेसेज करून ठेवा: 'रिफंडचा भाग उद्या मी दाखवते, तीन मिनिटं पुरेत.' भर बैठकीत मध्येच तोंड घालण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. तीन मिनिटांचं पाठ करून गेलात तरी कोणाला पत्ता लागत नाही.

राहिली व्हिजिबिलिटी. हा मॅनेजर लोकांचा आवडता, बिनखर्चाचा सल्ला! पुढच्या वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे मॅनेजरबरोबरच्या दोघांच्याच बैठकीत, सरळ विचारा, वरच्या रेटिंगसाठी माझ्याकडून नेमकं काय हवं? जे सांगतील ते त्याच दिवशी मेलवर टाका. तेवढं करूनही सहा महिन्यांनी उत्तर बदललं, तर कंपनीतच दुसऱ्या टीमची चौकशी सुरू करा. तोवर शुक्रवारच्या मेलमधून रेझ्युमेचा मजकूर आयताच जमलेला असेल.