आधी वारा, मग कुंड्या

तुझ्या टू-बीएचके फ्लॅटांच्या इमारतीचं ड्रॉइंग पाहिलं. लॉबीतली ती झाडांची भिंत, ते व्हर्टिकल गार्डन, आधी खोडून टाक. मीही उत्साहात एका ऑफिसात केली होती. पाण्याचा पंप बिघडला, कुणी लक्ष दिलं नाही, मे महिन्यात झाडांच्या नुसत्या काळ्या पिशव्या लोंबत होत्या. आणि खरं सांगू? खोलीतली हवा चार कुंड्यांनी नाही, खिडकीने बदलते.

मुंबईत कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत बघून ये. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, 1983 सालची, 28 मजली. समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. तरी त्यांनी इमारतीचं तोंड फिरवलं नाही. जुन्या बंगल्यांभोवतीचा व्हरांडा वरच्या मजल्यांवर नेला, कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागा कोरल्या. घर मागे सरकलं. वारा आत, झड बाहेर.

तुझ्या टू-बीएचकेत ही चैन परवडणार नाही, ठाऊक आहे. पण खोलीला हवा यायला एक तोंड आणि जायला दुसरं हवंच. दुसरी खिडकी बसत नसेल तर दारावर झरोका दे. रहदारीच्या बाजूला जिना, संडास, कपाटं ढकल. झोपायच्या खोल्या मागे. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात त्या डक्टमध्ये सोडू नकोस, नाहीतर खालच्यांची फोडणी वरच्यांच्या न्हाणीघरात!

स्लॅब टाकून झाला की उदबत्ती घेऊन साइटवर जा. प्रत्येक दाराच्या जागी उभा राहा, धूर कुठे वळतो ते बघ. भिंती बांधायच्या आधी, बरं का.