केबल शोधत बसू नका, कार्ड बाहेर काढा

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. बाबांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीचे, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीचे, आणि भाच्याच्या मुंजीचे फोटो आहेत. मूळ केबल घर बदलताना हरवली. घरात सापडलेली दुसरी केबल कॅमेऱ्यात बसते, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. भावाने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा मार्ग सुचवला. शेवटी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेत घातलं, तर ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असा प्रश्न आला.

आधी या प्रश्नाचंच बघू. ‘नाही’ म्हणा, कार्ड काढा आणि त्याच्या डबीत ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो अजून दिसत असतील, तर कार्ड ठीक आहे आणि फोटो जागच्या जागी आहेत. घाबरून ‘हो’ दाबलं तरच घोळ होईल.

असं का होतं, ते कार्डावरच्या छापील अक्षरांवरून कळेल. नुसतं एसडी लिहिलेलं कार्ड २ जीबीपर्यंतचं असतं, एसडीएचसी ४ ते ३२ जीबीचं, आणि त्यापुढचं एसडीएक्ससी. तिन्हींचा आकार सारखाच, त्यामुळे कुठल्याही खाचेत ती बसतात, पण आतली मांडणी वेगवेगळी असते. एसडीएचसी कार्डं २००६ मध्ये आली. तुमच्या कॉम्प्युटरची पुढची खाच त्याआधीच्या काळातली असेल, तर तिला १६ जीबीचं कार्ड वाचताच येत नाही. विंडोजला समोर काहीतरी आहे एवढं कळतं, आत काय आहे ते कळत नाही, म्हणून ती फॉरमॅट सुचवते. एसडीएक्ससी कार्डाची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत फाइली एक्सफॅट नावाच्या पद्धतीने मांडलेल्या असतात आणि विंडोज एक्सपीला वेगळं अपडेट टाकल्याशिवाय ही पद्धत उमजत नाही. दोन्हीकडे कार्डाचा दोष नाही, वाचणारं यंत्र जुनं आहे.

उपाय साधा आहे: नवा यूएसबी कार्ड रीडर. जेल रोडवरच्या डॉलर मार्केटमध्ये किंवा सिल्व्हर मॉलमध्ये काहीशे रुपयांत मिळेल. दुकानदाराला ‘एसडीएक्ससी चालणारा द्या’ एवढं सांगा, म्हणजे खालचे दोन्ही प्रकार त्यात आलेच. रीडर चालतो का ते बघायचं असेल तर दुकानातलंच एखादं कार्ड लावायला सांगा. मुंजीचे फोटो असलेलं कार्ड अनोळखी कॉम्प्युटरमध्ये घालू देऊ नका. तिथे दिवसभर लोकांची कार्डं आणि पेन ड्राइव्ह लागत असतात, त्यातून व्हायरस यायला वेळ लागत नाही. कॅमेरा फारच जुना असेल, तर आत मेमरी स्टिक, एक्सडी किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश असंही कार्ड निघू शकतं. अशा वेळी कार्ड बरोबर न्या आणि खाच जुळते का एवढंच ताडून पाहा. एक्सडी वाचणारे रीडर आता सहज मिळत नाहीत. तुमचं कार्ड ते निघालं, तर केबलचाच रस्ता धरावा लागेल.

केबलबद्दल म्हणूनच थोडं सांगतो. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल व्यवस्थित बसते, पण तिच्यातून एकही फोटो येणार नाही. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना मिनी यूएसबी लागते, मोबाइलची मायक्रो नव्हे. काही कंपन्यांनी स्वतःचा वेगळाच आकार ठेवला होता, तेव्हा जोर लावून काही खुपसू नका. केबल बरोबर असली तरी कॅमेरा चालू असावा लागतो, आणि काही कॅमेरे फोटो बघण्याच्या मोडमध्ये ठेवल्याशिवाय जोडलेच जात नाहीत. जोडल्यावर पेन ड्राइव्हसारखं ड्राइव्हचं नवं अक्षर दिसेल अशी वाट बघू नका. बहुतेक कॅमेरे पीटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात, आणि विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ उघडल्यावर ते ड्राइव्हच्या यादीत नाही, तर वेगळं उपकरण म्हणून कॅमेऱ्याच्या नावाने दिसतात. मेनूमध्ये यूएसबीची सेटिंग असेल, तर ‘मास स्टोरेज’ (म्हणजे पेन ड्राइव्हसारखं दिसणं) आणि ‘पीटीपी’ दोन्ही करून बघा. वायर कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावा, पुढच्या पोर्टचे सांधे जुन्या मशीनमध्ये ढिले झालेले असतात. आणि बॅटरी पूर्ण भरलेली हवी. कॉपी चालू असताना कॅमेरा बंद पडणं फार वाईट. रीडरमध्ये ही भानगडच नाही, म्हणून मी नेहमी रीडरच सुचवतो.

तुम्ही गेरीचे फोटो म्हणालात म्हणून हे मुद्दाम सांगतो. राजवाड्यासमोर मशीनने गुलाल उडतो आणि टँकरमधून पाणी येतं, तेव्हा कॅमेरा कितीही पदराआड धरला तरी बारीक पूड कार्डाच्या झाकणात आणि यूएसबीच्या तोंडात जातेच. ओली पूड वाळली की सोनेरी पट्ट्यांवर चिकटते, आणि मग कार्ड मध्येच दिसतं, मध्येच गायब होतं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारा, मऊ ब्रश फिरवा. कार्डाच्या पट्ट्या मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कॅमेऱ्याच्या आतल्या पिनांना मात्र हात लावू नका, त्या वाकल्या तर पुढचं सगळं अवघड.

आता खरी कॉपी. कार्डाच्या डाव्या कडेला बारीकशी सरकपट्टी असते, ती ‘लॉक’कडे सरकवा आणि मगच कार्ड रीडरमध्ये घाला. पट्टी खाली असली की बहुतेक रीडर कार्डावर काही लिहू देत नाहीत, पुसू देत नाहीत, फॉरमॅटही करू देत नाहीत. फोटो वाचायला तिची काहीच आडकाठी नसते. घरात कॉम्प्युटर अनेकांच्या हाताखाली असेल, तर ही पट्टी तुमची सगळ्यात मोठी राखणदार आहे.

कार्ड उघडलं की ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसेल, त्यात ‘१००’ आकड्याने सुरू होणारे फोल्डर, आणि त्यांत फोटो. बहुतेक लोक तेवढंच उचलतात. तसं करू नका, कार्डावर असेल ते सगळं घ्या. काही कॅमेरे व्हिडिओ ‘डीसीआयएम’मध्ये न ठेवता ‘प्रायव्हेट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतात, आणि मुंजीतला मातृभोजनाचा व्हिडिओ नेमका तिथेच राहून जायचा. डेस्कटॉपवर आधी नवा फोल्डर करा, नावात वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहा आणि पुढे प्रसंग: ‘२०२४-०३-३० रंगपंचमी’. वर्ष पुढे ठेवलं की सगळे फोल्डर आपोआप काळाच्या ओळीत लागतात.

नेहमी कॉपी करा, कट कधीच करू नका. कट करताना वीज गेली किंवा रीडर हलला, तर कुठला फोटो कुठे राहिला हे शोधत बसावं लागतं. विंडोजची इम्पोर्ट खिडकी उघडली, तर ‘इम्पोर्टनंतर पुसून टाका’ अशी एक खूण असते, ती काढून टाका. वेगवेगळ्या वेळचे फोटो एकाच फोल्डरमध्येही ओतू नका. कॅमेरा फोटोंना चार आकडी क्रमांक देतो, ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरू करतो, आणि काही कॅमेरे नवं कार्ड घातलं तरी पहिल्यापासून मोजतात. मग मुंजीचा ००१२ आणि गेरीचा ००१२ एकाच नावाचे होतात. विंडोज ‘बदलू का’ विचारते, घाईत ‘हो’ दाबलं की आधीचा फोटो गेला.

१६ जीबीचं भरलेलं कार्ड साध्या यूएसबी २.० रीडरवर पंधरा मिनिटांच्या आसपास घेईल. तेवढा वेळ कॉम्प्युटरला दुसरं काम देऊ नका. कॉपी झाली की दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे तंतोतंत जुळला पाहिजे. मग मधले-मधले फोटो पूर्ण मोठे करून बघा, अर्धा फोटो राखाडी दिसत नाही ना, आणि व्हिडिओ शेवटापर्यंत चालवा. रीडर काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा.

यानंतरही कार्ड पुसायची घाई नको. तेच फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसऱ्यांदा ठेवा आणि एक प्रत घराबाहेर, भावाकडे पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडमध्ये. घरातल्या दोन्ही प्रती एकाच चोरीत किंवा एकाच विजेच्या झटक्यात जाऊ शकतात. तीन ठिकाणी फोटो उघडून पाहिले की लॉक काढा आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नाही. कॅमेरा त्याला हवी तशी मांडणी करतो.

भावाने सुचवलेला व्हॉट्सअ‍ॅपचा मार्ग जपून ठेवण्यासाठी घेऊ नका. साधा फोटो पाठवला तर त्याचा आकार कमी होतो आणि कधी काढला ही आतली नोंदही निघून जाते. पाहुण्यांना दाखवायला ठीक, जपायला मूळ फाइलच. या नोंदीवरून आठवलं: बरीच वर्षं बॅटरीविना पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलेलं असतं. नवे फोटो काढायच्या आधी तारीख बघून नीट लावा, नाहीतर ह्या वर्षीचे फोटो वीस वर्षांपूर्वीच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतील.

चुकून कुणी आधीच फॉरमॅट केलं असेल, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, फोटो वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतात. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यांना शोधून काढतं. सापडलेले फोटो त्याच कार्डावर नव्हे, कॉम्प्युटरवर साठवायला सांगा. जुनी नावं जातील, पण आतली तारीख बहुतेक वेळा राहते.

नव्या रीडरवरही फॉरमॅटचाच प्रश्न आला, तर काही न दाबता कॅमेऱ्याच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक, कार्डावरची अक्षरं आणि विंडोज कुठली आहे ते इथेच लिहा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दिसतात की नाही हेही सांगा, पुढचं त्यावरच ठरेल.