रंकाळ्यावर बसून केलेलं जलरंगातलं चित्र मळकट का होतं?

तुम्ही विचारलंय, घरी फोटोवरून केलेलं निसर्गचित्र स्वच्छ येतं, मग कोल्हापुरात रंकाळा तलावाकाठी बसलं की त्याच रंगांचा चिखल का होतो? गेली कित्येक वर्षं मी रविवारी बोर्ड घेऊन बाहेर पडतोय, आणि सुरुवातीला माझंही हेच व्हायचं. महागडे रंग आणून ते सुटलं नाही. चूक वाळण्याच्या वेळेत होती.

घरात कागद किती वेळ ओला राहतो, हे हाताला पाठ झालेलं असतं. तलावाकाठी ते गणित मोडतं. एप्रिलमध्ये आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्ध्यावर येईतोवर वरची कड सुकलेली असते. जुलैत पाऊस उघडला तरी हवेत एवढा दमटपणा असतो की तोच वॉश वाळता वाळत नाही. आपल्याला धीर नसतो. वरची चकाकी गेली, की वाळलं समजून आपण पुन्हा ब्रश घालतो. आत ओल असतेच. खालचा रंग उचलला जातो, वरचा त्यात कालवला जातो, आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. चिखल होतो तो इथे.

म्हणून बोर्ड थोडा तिरका धरून कागदाची चकाकी बघायची सवय लावा. चकाकी आहे तोवर रंग घालत राहा. ती गेली की हात मागे घ्या. मग हाताची उलटी बाजू कागदाला हलकेच टेकवा. गार लागला तर ओल आहे, थांबा.

दुसरं, कागदावर ऊन घेऊन बसू नका. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर येतो, आपण रंग गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. झाडाची सावली बघा.

संध्याकाळी रंकाळा टॉवरच्या बाजूला बसलात तर सूर्य समोर असतो आणि शालिनी पॅलेस हा काठावरचा राजवाडा नुसता निळसर-जांभळा आकार होतो. डोळे बारीक करून बघा. खिडक्या दिसत नसतील तर काढूही नका. अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून एकच सपाट वॉश द्या. पाण्यावरची चमक मात्र कोरा कागद ठेवूनच मिळते, ती जागा आधीच ठरवा.

शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार अबालाल रहिमान यांनी रंकाळा, पंचगंगा रंगवली आहे. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत, ती सावकाश, जवळ जाऊन बघा. मी अजूनही जातो.

पुढच्या खेपेला ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, कागदाचे पोस्टकार्डाएवढे तीन तुकडे न्या, आणि फक्त आकाश-पाणी करा. एक वाळत असताना दुसरा घ्यायचा, म्हणजे ओल्या चित्रात हात घालायचा मोह होत नाही.