मास्क गळतोय म्हणून पट्टे आवळू नका

काका, झोपेत श्वास अडू नये म्हणून रात्री लावता त्या सीपॅप मशीनच्या मास्कमधून हवा गळते म्हणताय, पण पट्टे फार आवळले की गळती उलट वाढू शकते आणि नाकाच्या हाडावर वळ उठतो तो वेगळाच. बसून नाही, आडवं होऊन मास्क लावा. मशीन चालू करून तो चेहऱ्यापासून जरासा उचला आणि अलगद टेकवा. सिलिकॉनची कड हवेने फुगून नीट बसते. मग पट्टे दोन्हीकडून सारखे, बोट सरकेल इतपतच. कूस बदलूनही बघा. झोपताना तोंडाला खोबरेल नको, कड घसरते. ती रोज सौम्य साबणाने धुवा. मिशा आड येत असतील तर नाकपुड्यांखाली बसणारा मास्क मागा (मिशा काढायला कोण तयार होतंय!). नाशिकच्या डिसेंबरात मशीनच्या नळीत पाणी साचून गुडगुडतं, तेव्हा नळी रजईखालून घ्या. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर हवा तोंडातून जात असेल. डॉक्टरांना सांगा, मशीनच्या हवेच्या प्रेशरला स्वतः हात लावू नका.